जेवण अप्रतिम, पण आमच्या टेबलाकडे कुणी बघतच नव्हतं

ओलीमाती

परवा आईचा चौऱ्याहत्तरावा वाढदिवस झाला. आम्ही पाच जण बाहेर जेवायला गेलो होतो. जागा आईनंच निवडलेली, टेबल चार दिवस आधी सांगून ठेवलेलं. तरी पोचल्यावर पंचवीस मिनिटं दारात उभं राहावं लागलं. गर्दी होती, त्याचं काही वाटलं नाही.

आत बसलो, ऑर्डर दिली. आईला मधुमेह आहे, ती जेवणाआधी इन्सुलिन घेते. वेटर म्हणाला, "सूप दहा मिनिटांत येईल," म्हणून तिनं तिथंच टोचून घेतलं. दहाची वीस मिनिटं झाली, विसाची पस्तीस. मधल्या वेळात तीन वेगवेगळ्या लोकांना विचारलं. तिघंही "बघतो" म्हणून गेले ते गेलेच. आईच्या रक्तातली साखर उतरली. कपाळावर घाम दिसायला लागला, बोटं थरथरायला लागली. माझ्या पर्समध्ये नेहमी ग्लुकोजच्या गोळ्या असतात, त्या नेमक्या त्या दिवशी दुसऱ्या पर्समध्ये राहिल्या होत्या. मी उठून काउंटरपाशी गेले आणि साखर मागितली. तिथला मुलगा म्हणाला, "टेबलावर पाठवतो." मी हललेच नाही. तेव्हा कुठे त्यानं समोरचा डबा उचलून दिला.

मग जेवण आलं. खोटं कशाला बोलू, इतकं चांगलं जेवण मी दोन-तीन वर्षांत खाल्लं नव्हतं. सूपच्या पहिल्या चमच्याला टेबलावरची बोलणी थांबली. भाज्या कडेनं खरपूस, आतून रसाळ. मीठ कुठे कणभर जास्त नाही, कणभर कमी नाही. आईनं वाटी अक्षरशः पुसून घेतली. मात्र जेवून झाल्यावर बिलासाठी आणखी वीस मिनिटं, आणि आलं ते शेजारच्या टेबलाचं.

आई म्हणते, परत जाऊ. भाऊ म्हणतो, मी त्या दारात पाय ठेवणार नाही. मला दोघांचंही पटतं, म्हणून इथे विचारते. तुम्ही गेला असता का? आणि हे सांगायचं कुणाला आणि कसं? ऑनलाइन अभिप्राय तीनदा लिहिला आणि तीनदा पुसला.

काठावरचा

आई आता बऱ्या आहेत ना? आधी ते सांगा.

ओलीमाती

हो, अगदी ठणठणीत आहे. रक्तातली साखर मोजायचं यंत्र बरोबर होतं, तेव्हा ६१ आलं होतं. साखर खाल्ल्यावर पंधरा मिनिटांत ८८. घरी आल्यावर सगळं नीट होतं.

तिसरा_चहा

तुमच्या भावाच्या बाजूनं माझं मत. मी गेलो नसतो.

चव चांगली असणं हे त्यांचं कामच आहे, उपकार नाहीत. आपण बाहेर जेवायला जातो ते फक्त पोट भरायला नाही. आपल्या माणसाला घेऊन जातो, त्याला जरा विशेष वाटावं म्हणून. त्या दिवशी तुमच्या आईला विशेष वाटायच्या जागी भीती वाटली. उत्तम सूप त्याची भरपाई करू शकत नाही.

सावली

मी रुग्णालयात आहारतज्ज्ञ आहे, म्हणून आधी कामाचं लिहिते.

जेवणाबरोबर घ्यायच्या जलद इन्सुलिनचा परिणाम साधारण पंधरा मिनिटांत सुरू होतो. म्हणून घरी आपण ते जेवणाच्या थोडं आधी घेतो, कारण घरी ताट कधी समोर येणार हे आपल्याला माहीत असतं. बाहेर ते माहीत नसतं. त्यामुळे बाहेर गेल्यावर ताट प्रत्यक्ष टेबलावर आल्यावरच डोस घ्यायचा, हा बहुतेक वेळा सुरक्षित मार्ग. प्रत्येकाचं इन्सुलिन वेगळं असतं, जुन्या प्रकारचं असेल तर ते अर्धा तास आधी घ्यावं लागतं. तेव्हा आईंच्या डॉक्टरांना हा एकच प्रश्न जरूर विचारा: "बाहेर जेवायला गेल्यावर कधी घेऊ?"

रक्तातली साखर ७० च्या खाली गेली की लगेच १५ ग्रॅम जलद साखर घ्यायची, पंधरा मिनिटांनी परत मोजायचं, अजून कमी असेल तर पुन्हा १५ ग्रॅम. १५ ग्रॅम म्हणजे एक मोठा चमचा साखर, किंवा साधारण अर्धा कप फळांचा रस, किंवा ग्लुकोजच्या तीन-चार गोळ्या. डाएट पेयाचा उपयोग नाही, त्यात साखरच नसते. चॉकलेट नको, त्यातल्या चरबीमुळे साखर रक्तात उतरायला वेळ लागतो. गोळ्या प्रत्येक पर्समध्ये वेगळ्या ठेवा. तुम्ही काउंटरपाशी ठाम उभ्या राहिलात ते शंभर टक्के बरोबर केलंत.

ओलीमाती

सावलीताई, हे वाक्य लिहून घेतलं. मनापासून आभार.

झाकण

मी आठ वर्षं या धंद्यात काढली. तीन वर्षं आत स्वयंपाकघरात, पाच वर्षं बाहेर टेबलांवर. तुमचं वाचून वाईट वाटलं, आणि नक्की काय झालं असणार तेही डोळ्यांसमोर आलं. सांगतो.

तुम्ही दारात पंचवीस मिनिटं उभ्या होतात, म्हणजे सगळी टेबलं एकाच वेळेची दिली गेली होती. घोटाळा तिथेच सुरू झाला. चांगली जागा लोकांना दहा-पंधरा मिनिटांच्या अंतरानं बसवते, टेबल रिकामं दिसत असलं तरी. दाराशी उभ्या माणसाला ते आवडत नाही, पण त्यामुळे आतला माणूस वाचतो. सगळे एकदम बसले की सगळ्या ऑर्डरी एकदम आत जातात. शेगड्या तेवढ्याच, हात तेवढेच.

त्यात पाच जणांच्या टेबलाचे पाचही पदार्थ एकाच वेळी स्वयंपाकघराच्या खिडकीत यावे लागतात. एकाला सात मिनिटं लागतात, एकाला बावीस. सात मिनिटांवाला मुद्दाम उशिरा सुरू करायचा असतो. हे जुळवण्यासाठी खिडकीपाशी एक माणूस लागतो, जो चिठ्ठ्या वाचून कुणी काय कधी सुरू करायचं हे ओरडून सांगतो. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी एस्कॉफिये या फ्रेंच शेफनं मोठ्या हॉटेलांच्या स्वयंपाकघरात कामाची जी विभागणी बसवली, सॉसवाला वेगळा, भाजणारा वेगळा, गोडाचा वेगळा, ती आजही चालते ती या हाका मारणाऱ्या माणसाच्या जिवावर. तो माणूस त्या दिवशी नसला, किंवा तोच ताटंही उचलत असला, की सगळं कोलमडतं. पदार्थ उत्तम होतात, कारण आचारी आपापल्या जागी चोख असतात. पण ते तुमच्यापर्यंत पोचत नाहीत.

आता वेटरबद्दल. तीन जण "बघतो" म्हणून गेले आणि परत आले नाहीत. मी स्वतः हे केलं आहे आणि मला त्याची लाज वाटते. आत विचारायला जायचं, आत कुणी उत्तर देत नाही किंवा खेकसतं, मग हात हलवत त्या टेबलाकडे परत कसं जायचं? म्हणून नजर चुकवायची. गिऱ्हाईकाला वाटतं, हा उर्मट आहे. तो घाबरलेला असतो.

गणितवाला

झाकणदादांच्या प्रतिसादाला जोड देतो. किती वेळ लागेल हे सांगता येत नाही, असं नसतं. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला एक साधा नियम आहे: आत असलेल्या गोष्टींची सरासरी संख्या = तासाला येणाऱ्या गोष्टी × प्रत्येकीला लागणारा सरासरी वेळ. तोच उलटा वापरायचा. स्वयंपाकघरातून तासाला चाळीस ताटं बाहेर पडत असतील आणि समोर चाळीस ताटांच्या चिठ्ठ्या लटकत असतील, तर नव्या माणसाला साधारण एक तास थांबावं लागणार. वीस असतील तर अर्धा तास.

चिठ्ठ्या समोर लटकत असतात. त्या मोजायला दहा सेकंद लागतात. "दहा मिनिटांत येईल" हे वाक्य कुणी न मोजता बोललं, आणि त्या वाक्यावर विसंबून एका बाईंनी इन्सुलिन घेतलं. माझा राग त्या वाक्यावर आहे, उशिरावर नाही.

रानपाखरू

गणितवाल्यांशी पूर्ण सहमत.

झाकणदादा, तुमचं सगळं पटलं, पण एक गोष्ट खटकली. आपण समजून घ्यायचं, समजून घ्यायचं आणि शेवटी सगळी समज गिऱ्हाईकाच्याच अंगावर येते. आत कुणी खेकसतं हा त्यांच्या घरातला प्रश्न. माझी आई थरथरत असेल तर मला शेगड्या किती आहेत हे कशाला कळायला हवं? साखर द्यायला आचारी लागत नाही. हाताशी डबा होता.

झाकण

रानपाखरू, साखरेच्या बाबतीत तुमचंच बरोबर. तिथे माझ्याकडे कसलंही स्पष्टीकरण नाही. टेबलावरून कुणी तब्येतीचं काही बोललं की हातातलं सगळं टाकून धावायचं, हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलं होतं. त्या मुलाला कुणी शिकवलं नसेल तर चूक त्याच्या वरच्याची.

मधली_सुट्टी

थोडं अवांतर, पण विषयाला धरून.

चव आणि सेवा वेगवेगळ्या मोजायच्या, हे अगदी वरच्या पातळीवरही चालतं. मिशलिन गाइड १९०० मध्ये सुरू झालं, टायरच्या कंपनीनं गाडीवाल्यांसाठी काढलेलं पुस्तक. तारे १९२६ पासून, आणि एक-दोन-तीन अशी उतरंड १९३१ पासून. हे तारे फक्त ताटात काय आहे त्यासाठी मिळतात: मालाचा दर्जा, हाताचं कसब, चवींचा मेळ, त्यातून दिसणारं आचाऱ्याचं व्यक्तिमत्त्व आणि दरवेळी तेच सातत्य. वाढणं, बसायची जागा, थाटमाट या गोष्टी ताऱ्यात धरत नाहीत.

म्हणजे ओलीमातीताईंच्या मनात जो गोंधळ आहे, "जेवणाला पैकीच्या पैकी, बाकीचं नापास", तो गोंधळ नाहीच. दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या वेगळ्याच लिहायच्या.

तिसरा_चहा

पुस्तकात वेगळ्या लिहिता येतील हो. पण खुर्चीत बसलेलं माणूस एकच असतं ना?

मधली_सुट्टी

हे मात्र खरं.

निशाचर

वेटर आणि विसरणं यावरून आठवलं. १९२० च्या दशकात बर्लिनमध्ये कुर्ट लेविन नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. त्यांच्या लक्षात आलं की वेटरला बिल न भरलेल्या टेबलाची अख्खी ऑर्डर तोंडपाठ असते, आणि बिल भरलं की ती डोक्यातून जाते. त्यांची विद्यार्थिनी ब्ल्यूमा झायगार्निक हिनं यावर प्रयोग केले आणि १९२७ मध्ये ते छापले: अर्धवट राहिलेलं काम पुरं झालेल्यापेक्षा जास्त लक्षात राहतं. नंतरच्या प्रयोगांत हा परिणाम दरवेळी दिसलेला नाही, पण मूळ कथा वेटरवरूनच सुरू झाली.

थोडक्यात, बिल भरेपर्यंत तुम्ही त्यांच्या मनात सुरक्षित असता. :)

काठावरचा

निशाचर, मग शेजारच्या टेबलाचं बिल कुणाच्या मनात होतं? :)

बिलावरून एक गंभीर गोष्ट सांगतो. मानसशास्त्रज्ञ डॅनियल काह्नेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये एक प्रयोग छापला. लोकांना एकदा १४ अंशांच्या गार पाण्यात साठ सेकंद हात ठेवायला लावला. दुसऱ्यांदा तेच साठ सेकंद, आणि वर आणखी तीस सेकंद, ज्यात पाणी हळूहळू १५ अंशांपर्यंत आणलं. नंतर विचारलं, यातलं कोणतं परत कराल? बहुतेकांनी लांबलेलं निवडलं, कारण त्याचा शेवट जरा कमी त्रासाचा होता. आपल्या आठवणीत सगळ्यात तीव्र क्षण आणि शेवट हे दोनच जास्त वजन टाकतात.

ओलीमातीताईंच्या त्या रात्री तीव्र क्षण म्हणजे आईचा घाम, आणि शेवट म्हणजे चुकीचं बिल. उत्तम जेवण मधे अडकलं. बिलासाठी ताटकळवणं ही मला या धंद्यातली सगळ्यात न कळणारी चूक वाटते. माणूस तृप्त बसलेला असतो, पैसे द्यायला तयार असतो, आणि त्याला चिडवून घरी पाठवायचं.

खिडकीशेजारी

मी बहुतेक वेळा एकटी जेवते. कामानिमित्त फिरावं लागतं. एकट्या माणसाचा अनुभव अजून कुणी लिहिला नाही म्हणून लिहिते.

आत गेलं की पहिला प्रश्न, "एकट्याच?" मग सगळ्यात वाईट टेबल, स्वयंपाकघराच्या दाराशी नाहीतर हात धुवायच्या जागेजवळ. बसल्यावर दहा मिनिटं कुणी येत नाही, कारण सगळ्यांना वाटतं अजून कुणीतरी यायचं आहे. एकदा मी शांतपणे सांगितलं, "मीच आहे, अजून कुणी येणार नाही." त्या मुलानं माफी मागितली, पाणी आणलं आणि स्वतःहून म्हणाला, "आत अर्धा तास लागेल, तोवर काही हलकं आणू का?" जेवण ठीकठाकच होतं. पण त्या गावाला गेले की मी तिथेच जाते. चार वर्षं झाली.

म्हणून माझं मत सेवेच्या बाजूनं. मला हसरा चेहरा नको, खोटा आदर तर नकोच. मला फक्त कळायला हवं की मी तिथे आहे हे कुणाच्या तरी लक्षात आहे.

सावली

खिडकीशेजारी, किती नेमकं लिहिलंस. "अर्धा तास लागेल" एवढं ओलीमातीताईंना कुणी सांगितलं असतं तर आईंनी इन्सुलिन घेतलंच नसतं. खरं उत्तर वेळेवर मिळणं ही काही वेळा तब्येतीची गरज असते. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्यांचंही तेच. "नसतील बहुतेक" हे उत्तर त्यांना घातक ठरू शकतं. "आत विचारून येतो" म्हणून खरंच विचारून येणारा माणूस हवा.

पावसाळी_ढग

हसऱ्या चेहऱ्याबद्दल. आर्ली हॉक्शील्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ मध्ये विमानातल्या सेविकांचा अभ्यास मांडला होता. मनात काहीही असो, चेहऱ्यावर ठरावीक भावना ठेवणं हेही श्रमच आहेत आणि ते माणसाला थकवतात, असं त्यांचं म्हणणं. त्यासाठी त्यांनी वापरलेला "भावनिक श्रम" हा शब्द पुढे रूढ झाला. दहा तास उभं राहून हसणाऱ्या मुलाकडून मीही हसू मागत नाही. माहिती मागतो.

आणि टिपचं काय? सेवा वाईट म्हणून टिप कापावी का?

झाकण

मी तर कापू नका म्हणेन. पाच माणसांचं काम दोघांना दिलं, हा निर्णय वेटरचा नसतो. टिप कापली की शिक्षा त्याला होते आणि ज्यानं माणसं कमी ठेवली त्याला कळतही नाही. न्यूयॉर्कच्या डॅनी मेयर यांनी २०१५ मध्ये आपल्या रेस्टॉरंटांत टिप बंद करून पगारातच ती भर घालायचं जाहीर केलं होतं. २०२० मध्ये त्यांना टिपकडे परत यावं लागलं. इतका मोठा माणूसही हा गुंता सोडवू शकला नाही. पण वरच्या माणसाला बोलावून तोंडावर सांगणं हे कुठेही, कधीही करता येतं, आणि त्याचाच उपयोग होतो.

रानपाखरू

यावर एकमत, झाकणदादा.

ओलीमातीताई, अभिप्राय लिहायचा तर मी असा लिहीन: कोणता दिवस, साधारण किती वाजता, किती जण, ऑर्डर दिल्यापासून पहिलं ताट यायला किती मिनिटं. काय आवडलं ते पदार्थाच्या नावानिशी. तब्येतीचा प्रसंग जसा घडला तसा. कुणाचं नाव किंवा वर्णन नको. "अत्यंत भिकार सेवा" लिहिलं तर कुणीच काही शिकत नाही, "सूप पन्नास मिनिटांनी आलं" लिहिलं तर मालकही वाचतो आणि दुसरा मधुमेहीही सावध होतो. मात्र त्याआधी एक फोन करा.

ओलीमाती

चार दिवसांनी परत आले. सगळ्यांचं वाचलं, काही प्रतिसाद आईला वाचून दाखवले. खिडकीशेजारीचा तिनं दोनदा वाचायला लावला.

काल फोन केला. व्यवस्थापक बोलले. सुरुवातीला म्हणाले, "तुम्ही मधुमेहाचं आधी सांगायला हवं होतं." मला राग आला. मी म्हटलं, "आधी सांगितलं नाही हे खरं आहे. पण साखर मागितली तेव्हा सांगितलं होतं, आणि तेव्हाही 'पाठवतो' हेच ऐकायला मिळालं." ते क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "हे चुकलं. याला उत्तर नाही." त्या दिवशी दोन माणसं आलीच नव्हती आणि टेबलं सगळी एका वेळेची घेतलेली. झाकणदादा, तुम्ही इथे बसून ओळखलंत तेच. त्यांनी फुकट जेवणाचं वगैरे काही काढलं नाही, मीही काढलं नाही. एवढंच म्हणाले की दाराशी, काउंटरवर आणि आत तिन्ही ठिकाणी हे सांगतो. सांगतील की नाही माहीत नाही. पण त्यांनी माझ्याकडून वेळा विचारून लिहून घेतल्या, पेनचा आवाज येत होता.

अभिप्रायही टाकला. जेवणाचा परिच्छेद वेगळा, बाकीचा वेगळा, मिनिटांसकट.

आईच्या डॉक्टरांनाही विचारलं. तिच्या इन्सुलिनसाठी ताट समोर आल्यावर घेतलं तरी चालेल असं त्यांनी सांगितलं. गोळ्या आता तिन्ही पर्समध्ये, आणि एक पाकीट भावाच्या गाडीत.

तिसरा_चहा

फोन केलात हे फार चांगलं केलंत. मी अजूनही गेलो नसतो, मत बदललेलं नाही. पण मला आवडत नाही म्हणून तुमच्या आईंनी ते सूप का सोडावं. शेवटी काय ठरलं?

ओलीमाती

आई आणि मी, दोघीच. मधल्या वारी, उघडल्या उघडल्या, गर्दी व्हायच्या आत. भाऊ येणार नाही म्हणाला. आई त्याला म्हणाली, "नको येऊस, पण डबा आणते तो खाशील ना?" तो हो म्हणाला.